वायू आणि धातूची गाठ : एम्प्रेस मिल ते कोराडी

पूर्व नागपुरातील नंदनवनात उन्हाळ्याच्या दुपारी घरोघरी जे कूलर आणि पंखे फिरत असतात, त्यांना लागणारी वीज विदर्भातील औष्णिक केंद्रांत ज्या वाटेने तयार होते, त्या वाटेवर वायू आणि धातू यांची गाठ निदान तीन ठिकाणी पडते. भट्टीतील तप्त धूर बॉयलरच्या पोलादी नळ्यांना उष्णता देतो, जनित्रात कोंडलेला हायड्रोजन तांब्याच्या गुंडाळ्यांची उष्णता उचलून नेतो, आणि टर्बाइन फिरवून थकलेली वाफ कंडेन्सरच्या थंड नळ्यांवर आदळून पुन्हा पाणी होते. तिन्ही ठिकाणी मुळात एकच गोष्ट घडते : वायूचा रेणू धातूवर आदळतो, क्षणभर तेथे रेंगाळतो किंवा रेंगाळतही नाही, आणि परत फिरताना आपल्या ऊर्जेत काही भर घालून किंवा तिच्यातील काही भाग तेथेच ठेवून जातो. हा देवघेवीचा व्यवहार समजून घेण्याचा इतिहास दोन वाटांनी घडला. एक वाट प्रयोगशाळेची होती, तर दुसरी कारखान्यांतील फायरमन, फिटर आणि इंजिनिअर यांची, आणि या दोन्ही वाटांवरची माणसे एकमेकांच्या कामाविषयी बहुधा अनभिज्ञच होती.

पहिल्या वाटेची सुरुवात ज्या लेखाने व्हायला हवी होती, तो लेख मुंबईत लिहिला गेला होता, हे महाराष्ट्रात आजही फारसे ठाऊक नाही. जॉन जेम्स वॉटरस्टन हा १८११ साली एडिंबरा येथे जन्मलेला स्कॉटिश इंजिनिअर १८३९ पासून मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांना शिकवीत असे. कामातून उरलेल्या वेळात त्याने वायूंचा असा एक सिद्धान्त उभारला, की वायू म्हणजे सर्व दिशांना सुसाट धावणाऱ्या, एकमेकांवर आणि पात्राच्या भिंतींवर सतत आदळणाऱ्या सूक्ष्म कणांचा समुदाय असून, त्याचा दाब ही त्या आदळण्याची बेरीज आहे आणि त्याचे तापमान हे कणांच्या वेगाच्या वर्गाशी, म्हणजेच त्यांच्या गतिज ऊर्जेशी, निगडित आहे. दोन वेगळे वायू एकाच तापमानाला एकत्र नांदत असतील तर त्यांच्या प्रत्येक कणाची सरासरी ऊर्जा सारखीच असते, आणि म्हणून हलका कण जड कणापेक्षा वेगाने धावतो, हा निष्कर्षही त्याने त्यात मांडला होता.

हा लेख १८४५ च्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पोहोचला, तेथील परीक्षकांनी तो निरर्थक ठरवला, आणि सोसायटीच्या नियमानुसार हस्तलिखित लेखकाला परत न मिळता दप्तरात जमा झाले. वॉटरस्टनने स्वतःजवळ प्रत ठेवलेली नव्हती. पुढे १८५७ मध्ये क्लाउसियसने आणि १८६० मध्ये मॅक्सवेलने हाच विषय स्वतंत्रपणे हाताळून कीर्ती मिळवली. वॉटरस्टन १८५७ मध्ये स्कॉटलंडला परतला आणि १८८३ मध्ये एके दिवशी घराबाहेर पडला तो परत आलाच नाही. लॉर्ड रेले यांनी सोसायटीच्या दप्तरातून तो लेख शोधून १८९२ मध्ये छापला, तेव्हा मुंबईत सिद्ध झालेल्या या विचाराला सत्तेचाळीस वर्षे उलटून गेली होती. परीक्षकांना दोष देणे आज सोपे आहे. परंतु उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे असे मानणाऱ्या पिढीत वाढलेल्या माणसांना भिंतीवर आदळणाऱ्या कणांचा हिशेब पोरकट वाटला असेल, तर त्यात फारसे नवल नाही.

ज्या १८४५ साली हा लेख लंडनला गेला, त्याच साली इंग्लंडमधील वेकफील्ड येथे एडवर्ड ग्रीन याने इकॉनॉमायझर नावाच्या उपकरणाचे पेटंट घेतले. बॉयलरमधून धुराड्याकडे जाणाऱ्या धुरात बरीच उष्णता शिल्लक असते; त्या धुराच्या वाटेवर पाण्याने भरलेल्या बिडाच्या नळ्या उभ्या करून बॉयलरमध्ये जाणारे पाणी आधीच तापवून घ्यायचे, अशी ही युक्ती होती. पहिल्या रचना थोड्याच दिवसांत निकामी होत, कारण धुरातील काजळी नळ्यांवर बसत असे आणि काजळी बसली की उष्णता आत जाईनाशी होई. ग्रीनने त्यावर उपाय म्हणून प्रत्येक नळीभोवती साखळीने सतत वर-खाली सरकणारे खरवडे बसवले, आणि खऱ्या अर्थाने या खरवड्यांमुळेच त्याचा धंदा चालला. वायूचा रेणू आणि धातू यांच्यामध्ये येणारा पातळ थर हाच उष्णतेच्या वहनातला खरा अडसर असतो, हे कारखान्याच्या वाटेवरचे पहिले ज्ञान कोणत्याही समीकरणाविना, खरवड्याच्या रूपाने हाती आले होते.

नागपुरात हे ज्ञान कापडगिरणीबरोबर आले. रेल्वे १८६७ मध्ये शहरात पोहोचल्यावर दहाच वर्षांत, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेदजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. जुम्मा तलावालगतची पाणथळ जमीन त्यांनी निवडली ती स्टेशन, कापूस आणि कोळसा हे तिन्ही हाताशी असल्यामुळे. त्या काळातील गिरण्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या लँकाशायर बॉयलरची रचना सांगायची तर, पाण्याने भरलेल्या एका प्रचंड आडव्या पिंपातून आगीचे दोन रुंद नळ आरपार गेलेले असत. निखाऱ्यांवरून निघालेला धूर या नळांतून मागे जाई, तेथून विटांच्या बोगद्यांतून पिंपाच्या खालून आणि बाजूंनी फिरे आणि मग धुराड्याला लागे. भट्टीच्या तोंडाशी उष्णता मुख्यतः निखाऱ्यांच्या धगीने, म्हणजे प्रारणाने, पोलादात शिरत असे. पण तेथून पुढच्या लांबलचक वाटेवर तिचा सगळा भार धुराच्या रेणूंवर असे, आणि या धुराचा मोठा भाग जळणात काहीच वाटा न उचलणाऱ्या नायट्रोजनचा असे.

साध्या दाबाच्या आणि तापमानाच्या हवेत धातूच्या दर चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला सुमारे ३ वर २३ शून्ये इतके रेणू आदळत असतात. आकडा एवढा अवाढव्य असूनही वायू धातूला उष्णता देण्यात आळशी ठरतो, याचे कारण रेणूंची गर्दी हेच आहे. एक रेणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी जेवढे अंतर मोकळेपणे कापतो त्याला सरासरी मुक्त पथ म्हणतात, आणि हवेत हे अंतर मिलिमीटरच्या सुमारे पंधरा हजाराव्या भागाएवढेच असते. धातूला लागून असलेला रेणू आपली ऊर्जा देऊन गार होतो, पण त्याच्या जागी दूरचा तापलेला रेणू थेट येऊ शकत नाही; मधल्या असंख्य रेणूंनी एकमेकांना टक्कर देत ती ऊर्जा पुढे सरकवावी लागते. त्यामुळे नळीला चिकटून वायूचाच एक सुस्त, अर्धवट गारठलेला थर तयार होतो. धुराचा ओढा वाढवला की हा थर पातळ होतो आणि उष्णता भरभर जाते. धुराडे उंच असण्यामागे धूर वस्तीपासून दूर सोडणे हे एकच कारण नव्हते. या थरावर काजळीची भर पडली की मामला आणखी बिघडतो, कारण काजळीची उष्णतावाहकता पोलादाच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी असते. नळ साफ करण्याचे काम गिरणीतील सर्वांत घाणेरड्या कामांपैकी एक होते. ते करणाऱ्यांची नावे कोणत्याही स्मृतिग्रंथात आलेली नाहीत.

वायूचा उष्णतेशी आणखी एक संबंध एम्प्रेस मिलमध्येच जुळला. नागपूरच्या कोरड्या हवेत सूत तुटत असे, म्हणून या गिरणीत आर्द्रता राखणारी यंत्रे बसवण्यात आली, आणि भारतातील गिरण्यांत अशी यंत्रे प्रथम येथेच आली असे टाटा समूहाच्या इतिहासात नोंदवले आहे. पाण्याचे बाष्प हवेत मिसळताना हवेची उष्णता शोषून घेते, ही गोष्ट पुढे याच शहरातील पत्र्याच्या कूलरच्या धंद्याचा पाया ठरली; अर्थात तेथे उष्णता जाते ती ओल्या वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताटीत, पत्र्याचा वाटा फक्त खोक्यापुरता असतो.

इकडे प्रयोगशाळेत प्रश्नाला वेगळेच वळण लागले होते. धातूवर आदळणारा रेणू तेथे नेमकी किती ऊर्जा सोडतो, हा प्रश्न दाट वायूत विचारून उपयोग नव्हता, कारण तेथे सर्व गोष्टींवर त्या सुस्त थराचेच राज्य होते. त्यासाठी वायू विरळ करावा लागला. कुंट आणि वारबुर्ग यांनी १८७५ मध्ये असे सुचवले, की विरळ वायूचे तापमान आणि त्याला लागून असलेल्या भिंतीचे तापमान यांत एक फट राहते, म्हणजे भिंतीशी भिडूनही वायू तिच्या तापमानाला येत नाही. मॅक्सवेलने १८७९ मधील, आपल्या मृत्यूच्या वर्षीच्या लेखात याचा अर्थ लावताना असे मानले, की भिंतीवर आदळणाऱ्या रेणूंपैकी काही आरशावरून प्रकाश परतावा तसे ऊर्जा न बदलता परततात आणि काही भिंतीत जणू मुरून, तिचे तापमान घेऊन बाहेर पडतात. स्मोलुकोव्स्की या पोलिश भौतिकशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये तापमानातील ही फट काटेकोरपणे मोजली. डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेनने १९११ मध्ये या सगळ्याला एक आकडा दिला, त्याला समायोजन गुणांक म्हणतात. रेणू भिंतीचे तापमान पूर्णपणे स्वीकारून परतला असता तर जेवढी ऊर्जा दिली-घेतली गेली असती, तिच्यापैकी प्रत्यक्षात किती भाग दिला-घेतला गेला, हे तो गुणांक सांगतो; १ म्हणजे संपूर्ण देवघेव, आणि ० म्हणजे कोरडी भेट.

हा आकडा मोजू गेलेल्यांना पुढली वीस वर्षे एकमेकांशी न जुळणारी उत्तरे मिळत राहिली. टंगस्टनच्या तारेवर हेलियम आदळवला असता कोणाला ०.२ मिळे, तर कोणाला ०.५. केंब्रिजमध्ये जे. के. रॉबर्ट्स याने १९३० च्या सुमारास ती तार अतिशय उच्च निर्वातात प्रखर तापवून तिच्यावरील चिकटलेले वायू उडवून लावले आणि मग मोजमाप केले, तेव्हा हा आकडा एकदम ०.०६ च्या आसपास उतरला. नंतरच्या अधिक काटेकोर प्रयोगांत तो ०.०२ पर्यंत खाली आला. तार तशीच ठेवली तर काही वेळातच गुणांक पुन्हा वर चढू लागे, कारण उरलासुरला वायू तिच्यावर बसू लागे. आधीच्या सर्वांनी जो मोजला होता तो धातूचा गुण नसून धातूवरच्या मळाचा होता.

यामागची यांत्रिकी समजायला कॅरमचा पट पुरेसा आहे : हलकी सोंगटी जड स्ट्रायकरवर आदळली तर ती बहुतेक वेग स्वतःकडेच ठेवून उलट फिरते, आणि दोघांची वजने जितकी जवळची तितकी ऊर्जा अधिक पलीकडे जाते. हेलियमचा अणू ४ वजनाचा आणि टंगस्टनचा १८४ वजनाचा. दोघांची अगदी समोरासमोर टक्कर झाली तरी हेलियम आपल्या ऊर्जेचा जेमतेम बारावा हिस्सा देऊ शकतो, आणि तिरप्या टकरींत त्याहून कमी. बाउले याने १९१४ मध्ये हा हिशेब मांडला होता. तारेवर ऑक्सिजन किंवा नायट्रोजनचे हलके अणू चिकटलेले असले की टक्कर त्यांच्याशी होते, ती वजने हेलियमला अधिक जवळची असल्यामुळे देवघेव वाढते. पुढे १९३० च्या दशकात जॅक्सन आणि मॉट यांनी, तसेच लेनर्ड-जोन्स आणि डेव्हनशायर यांनी पुंजयामिकीच्या आधारे हा हिशेब सुधारला. घन पदार्थातील अणूंची थरथर ठराविक पुड्यांतच ऊर्जा घेते, म्हणून थंड तापमानाला तो पुडा भरेल एवढीही ऊर्जा न आणणारा रेणू रिक्तहस्ते परततो, हे त्यातून स्पष्ट झाले.

येथे एक गंमतीची विसंगती दिसते. गिरणीत मळ हा उष्णतेचा शत्रू होता आणि केंब्रिजमध्ये तोच मळ उष्णतेचा मध्यस्थ ठरला. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत, कारण दोघांच्या मळाची जाडी वेगळी आहे. रॉबर्ट्सच्या तारेवर अणूंचा एकेरी थर होता, तर बॉयलरच्या नळीवर मिलिमीटरभर काजळी. पूर्ण दाबाच्या वायूत रेणू पहिल्या टकरीला ऊर्जा देऊ शकला नाही तरी पुढच्या क्षणी त्याच्यासारखे अगणित रेणू त्याच जागी येऊन आदळतातच, म्हणून बॉयलरच्या हिशेबात समायोजन गुणांकाला जागाच उरत नाही. तो महत्त्वाचा ठरतो विरळ वायूत, किंवा फट फारच अरुंद असेल तेथे. महाराष्ट्रात याचे सर्वांत गंभीर उदाहरण १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात आहे : इंधनाच्या गोळ्या आणि त्यांच्यावरची झिर्कोनियम मिश्रधातूची नळी यांच्यामधील केसभर फटीतून सगळी उष्णता हेलियमच्या आधाराने बाहेर येते, आणि इंधन जसजसे जळते तसतसा त्यातून सुटणारा जड, मंद झेनॉन त्या हेलियमला पातळ करून इंधनाचे तापमान वाढवतो.

नागपूरच्या उत्तरेस कोराडी येथे १९७४ मध्ये पहिला संच सुरू झाला, १९७८ मध्ये २०० मेगावॅटचा पाचवा, आणि १९८२-८३ मध्ये २१० मेगावॅटचे सहावा व सातवा हे संच आले. या मोठ्या संचांबरोबर वायू-धातू संबंधाचा एक वेगळाच अध्याय शहराच्या वेशीपाशी येऊन थांबला. एवढ्या मोठ्या जनित्रातील तांबे प्रवाहामुळे तापते, आणि मिनिटाला ३००० फेरे घेणारा रोटर हवेत घुसळत राहिला तर हवेच्या घर्षणातूनच प्रचंड उष्णता निर्माण होते. म्हणून जनित्राच्या पोटात हवेऐवजी हायड्रोजन भरतात. ही पद्धत टर्बोजनित्रात प्रथम १९३७ मध्ये अमेरिकेतील डेटन येथे वापरली गेली. हायड्रोजनची घनता हवेच्या चौदाव्या हिश्श्याएवढी, त्यामुळे घुसळण्याचा खर्च वाचतो. आणि उष्णतावाहकता हवेच्या सुमारे सातपट. हे सात कोठून येतात ते पाहण्यासारखे आहे. वॉटरस्टनने मुंबईत मांडलेल्या नियमाप्रमाणे समान तापमानाला ऊर्जा समान, म्हणून नायट्रोजनच्या चौदाव्या हिश्श्याइतके वजन असलेला हायड्रोजनचा रेणू त्याच्या पावणेचार पट वेगाने, सेकंदाला पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, धावतो. शिवाय आकाराने लहान असल्यामुळे त्याचा मुक्त पथही जवळजवळ दुप्पट असतो. या दोहोंचा गुणाकार साताच्या घरात जातो.

अशा जनित्रात हायड्रोजन भरण्याची रीत सांगण्याजोगी आहे. हवेत हायड्रोजनचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत असेल तर ठिणगी पडताच स्फोट होतो, म्हणून हवा आणि हायड्रोजन यांची भेटच होऊ द्यायची नाही हा पहिला दंडक. आधी खालून कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो जड असल्याने तळाशी साचत जातो आणि हवेला वरच्या तोंडातून हुसकावतो. आतील नमुना तपासून हवा गेल्याची खात्री पटली की वरून हायड्रोजन सोडतात, तो हलका असल्याने छताशी राहून कार्बन डायऑक्साइडला खालून बाहेर ढकलतो. दुरुस्तीसाठी जनित्र उघडायचे तर हाच क्रम उलटा. फिरता दांडा जनित्राच्या भिंतीतून बाहेर येतो तेथे हायड्रोजनपेक्षा अधिक दाबाचे तेल सतत वाहते ठेवून वायू अडवतात, आणि या तेलाबरोबर थोडी हवा आत शिरू लागली की शुद्धतेचा काटा उतरतो. स्फोटाचा धोका अजून लांब असला, तरी तापमान आणि घुसळणीचा खर्च त्याआधीच वाढू लागतो.

तिसरी गाठ कंडेन्सरमधली. जेम्स वॉटने १७६९ च्या पेटंटात वाफ गार करण्याचे पात्र सिलिंडरपासून वेगळे केले, तेव्हापासून वाफेच्या केंद्रांत हे पात्र रूढ होत गेले. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ वातावरणाच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या दाबाखाली, साधारण ४६ अंश सेल्सिअसला, हजारो नळ्यांवर येते. एक किलो वाफ जवळजवळ १५ घनमीटर जागा व्यापत असते आणि पाणी होताच तिला एक लिटर पुरते. संघननात सुटणारा अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता केवळ अवस्था बदलताना सुटणारी उष्णता, इतका मोठा असतो, की अशा केंद्रात विजेत रूपांतरित होणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा या नळ्यांतून थंड पाण्यात निघून जाते. वाफेचा रेणू येथे परतण्याच्या भानगडीत पडत नाही. तो नळीवर आधीच साचलेल्या पाण्याच्या पापुद्र्यात मिसळून जातो, आणि या पापुद्र्यातून उष्णता कशी झिरपते याचे गणित नुसेल्टने १९१६ मध्ये मांडले.

पण वाफेत हवा शिरली की हे सारे कोलमडते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८७३ मध्ये हवामिश्रित वाफेचे प्रयोग करून हे दाखवले होते, आणि डोनाल्ड ऑथमर याने १९२९ मध्ये मोजून सांगितले, की वाफेत अर्धा टक्का हवा असली तरी उष्णतेचे वहन निम्म्यावर येते. वाफ नळीकडे धाव घेताना हवेचे रेणू सोबत ओढून नेते, वाफ पाणी होऊन जाते आणि हवा तेथेच पडून राहते. मागून येणाऱ्या वाफेला या पडून राहिलेल्या गर्दीतून वाट काढावी लागते. म्हणून जुन्या केंद्रांत फिटर पेटती मेणबत्ती घेऊन कंडेन्सरच्या प्रत्येक जोडाजवळून, फ्लॅंजजवळून, व्हॉल्व्हच्या गळ्याजवळून सावकाश नेत असे, आणि जेथे ज्योत आतल्या बाजूस वाकेल तेथे खडूची खूण करीत असे. हेच काम आता हेलियमचा फवारा आणि त्याचा माग काढणारे उपकरण करते.

कोराडीत २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन नवे संच उभे राहिले. त्यांच्या कंडेन्सरांना पाणी कोठून आणायचे हा प्रश्न त्यापूर्वीपासूनच पेंच प्रकल्पाच्या पाण्यावर आधीच ताण असलेल्या शहराला भेडसावत होता. नागपूर महानगरपालिका आणि महानिर्मिती यांच्यात २००८ मध्ये झालेल्या करारातून भांडेवाडी येथे रोज १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र उभारले गेले आणि तेथील पाणी नळाने कोराडीला जाऊ लागले. भांडेवाडी नंदनवनापासून जवळच, पूर्वेकडे आहे. नंदनवनाजवळून वाहणाऱ्या नाग नदीच्या खोऱ्यातील, न्हाणीघरांचे आणि मोऱ्यांचे पाणी या व्यवस्थेतून वाफ गार करण्याच्या कामी लागते. अशा पाण्याचा स्वतःचा त्रास असतो : शुद्ध केल्यानंतरही त्यात उरणारे फॉस्फेट आणि जीवाणू नळ्यांच्या आतील बाजूस क्षारांचा आणि बुळबुळीत शेवाळी पदार्थाचा थर जमवतात, आणि त्यातील अमोनिया तांब्याच्या मिश्रधातूंना खातो. म्हणून असे पाणी वापरणाऱ्या केंद्रांत पितळी नळ्यांपेक्षा स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांना पसंती मिळते, पाण्यात जंतुनाशकांची मात्रा सतत द्यावी लागते, आणि काही ठिकाणी नळीच्या व्यासाहून किंचित मोठे स्पंजाचे चेंडू पाण्याबरोबर नळ्यांतून फिरवून, बाहेर जाळीत पकडून, पुन्हा आत सोडतात. एडवर्ड ग्रीनचे खरवडे नळीच्या बाहेरून चालत, हे चेंडू आतून चालतात.